मार्गदर्शन होणेस विनंती
तरुण अधिकाऱ्यांना निर्णय घ्यायला शिकवण्याच्या प्रयत्नांचा आढावा

तालुक्याच्या कचेरीतून एक पत्र पिढ्यान् पिढ्या लिहिले जात आहे. विषय कोणताही असो, शेवटची ओळ ठरलेली असते : ‘तरी याबाबत मार्गदर्शन होणेस विनंती आहे.’ कायदा स्पष्ट असतो, अधिकार स्वतःकडेच असतो, कागदपत्रे समोर असतात, तरी पत्र वर जाते. वरून उत्तर येते, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ दरम्यान दोन महिने गेलेले असतात आणि प्रश्न होता तिथेच असतो. हा पत्रव्यवहार आता चेष्टेचा विषय झाला आहे, पण प्रशासकीय प्रशिक्षणाचा सगळा वाद त्या एका ओळीत मावतो. ज्याला कायदा येतो त्याला निर्णय घेता येतोच असे नाही. मग निर्णय घेणे आणि चार माणसांना सोबत घेऊन तो अमलात आणणे शिकवता येते का? येत असेल तर ते कुठे शिकवायचे, आणि कोणी?

प्रश्न सगळीकडचा आहे. बँकेतला प्रोबेशनरी ऑफिसर, कारखान्यातला नवा शिफ्ट इंजिनिअर, पतसंस्थेचा पंचविशीतला शाखाधिकारी, सगळ्यांना तो लागू पडतो. या लेखापुरते मात्र मी जिल्हा प्रशासन निवडले आहे. विशी-तिशीतल्या माणसाच्या सहीवर इतक्या लोकांचे इतके काही अवलंबून असणारी दुसरी नोकरी आपल्याकडे क्वचितच सापडेल, आणि ती शिकवण्याचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आपल्यापाशी आहे.

उमेदवारीपासून मसुरीपर्यंत

आज ‘उमेदवार’ म्हटले की निवडणूक किंवा परीक्षा आठवते. जुन्या मराठीत हा शब्द कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्या पोरासाठी होता. दफ्तर लावायचे, नकला करायच्या, मोडी वळणदार लिहायची, आणि हे करता करता फडणीस कुठल्या अर्जावर काय शेरा मारतो हे डोळ्यांनी टिपायचे. अभ्यासक्रम असा नव्हता. जागा रिकामी झाली की उमेदवार कारकून व्हायचा. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार त्या व्यवस्थेचा उरलेला अवशेष.

कंपनी सरकारने वर्ग आणला. वेलस्लीने १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले ते नव्या मुलकी अधिकाऱ्यांना इथल्या भाषा आणि रीतीरिवाज शिकवायला. विल्यम केरी आणि वैजनाथ पंडित तिथे मराठी शिकवत आणि केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते याच गरजेतून. मराठी गद्याच्या छापील इतिहासाचे एक टोक असे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात अडकलेले आहे, ही गंमत जाता जाता नोंदवण्यासारखी. पुढे इंग्लंडात हेलिबरीचे कॉलेज निघाले. १८५५ पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि हेलिबरी बंद पडले. परीक्षा पास झालेला तरुण इंग्लंडातच काही काळ कायदा आणि भाषा शिकायचा आणि मग असिस्टंट कलेक्टर म्हणून जिल्ह्यात यायचा. तिथे एखादा मुरलेला कलेक्टर त्याला घोड्यावर बसवून दौऱ्यावर न्यायचा. म्हणजे वर्ग आणि उमेदवारी यांची जोडणी तेव्हाच झाली होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, २१ एप्रिल १९४७ रोजी, सरदार पटेलांनी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये प्रशासकीय सेवेच्या पहिल्या तुकडीपुढे भाषण केले. हाच दिवस पुढे नागरी सेवा दिन ठरला. १९५९ मध्ये दिल्ली आणि सिमल्याच्या संस्था एकत्र करून मसुरीला अकादमी उभी राहिली आणि १९७०च्या दशकात तिला लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले. १९६९ पासून तिथे ‘सँडविच’ पद्धत आहे. आधी काही महिने मसुरी, मग साधारण वर्षभर जिल्हा, मग पुन्हा मसुरी. जिल्ह्यातल्या वर्षात प्रशिक्षणार्थी काही आठवडे तहसीलदार, काही आठवडे गटविकास अधिकारी, काही आठवडे मुख्याधिकारी म्हणून स्वतंत्र कार्यभार सांभाळतो. पुन्हा मसुरीला बोलावण्यामागचा विचार असा, की जिल्ह्यात ठेच लागल्यावर वर्गातले बोलणे जास्त समजते.

महाराष्ट्राची वाट याला समांतर गेली. १९६३ मध्ये मुंबईत राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ती १९८४ मध्ये पुण्यात आली आणि १९९० पासून यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजे यशदा, या नावाने ओळखली जाते. राज्यसेवेतून आलेल्या उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस उपअधीक्षक, गटविकास अधिकारी यांना अनेक वर्षे ज्याच्या त्याच्या खात्याच्या सोयीने प्रशिक्षण मिळे, कित्येकदा आधी खुर्ची आणि मग वर्ग अशा उलट्या क्रमाने. २०१४ मध्ये एकत्रित परिविक्षाधीन प्रशिक्षण कार्यक्रम आला आणि वेगवेगळ्या खात्यांचे नवे अधिकारी एका छताखाली शिकू लागले. यशदाबरोबर नागपूरच्या वनामतीचाही त्यात मोठा वाटा आहे. तहसीलदार आणि पोलीस उपअधीक्षक एकाच मेसमध्ये जेवले, की पुढे एखाद्या मोर्चाच्या दिवशी दोघांचे फोन एकमेकांना सहज लागतात. या कार्यक्रमाचा हा फायदा कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसला तरी मला तो मोलाचा वाटतो.

नेमके काय येत नाही?

वादाकडे वळण्याआधी एक साधे प्रकरण घेऊ. वहिवाटीचा रस्ता एका शेतकऱ्याने नांगरून टाकला, पलीकडच्याचा ऊस बांधावर अडकला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा दूर करण्याचा, किंवा जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराचा. कलमे नव्या तहसीलदाराला तोंडपाठ असतात. अर्ज, नोटिसा, जबाब, स्थळपाहणी, पंचनामा, आदेश, हा क्रमही माहीत असतो.

न येणारा भाग वेगळा. स्थळपाहणीला जाताना अर्जदाराच्या गाडीत बसायचे नाही, हे कुठल्या पुस्तकात नाही. दोन्ही बाजूंचे पुढारी एकाच वेळी फोन करतात तेव्हा आधी कोणाचा घ्यायचा? ऊस तुटायला दहा दिवस उरले असताना पूर्ण सुनावणी चालवायची, की तात्पुरती वाट करून देऊन वाद पुढे ऐकायचा? आदेश दिला आणि जेसीबी पोचल्यावर बायका आडव्या झोपल्या, पोलीस निरीक्षक बंदोबस्ताला ‘उद्या बघू’ म्हणाला, मंडळ अधिकाऱ्याने तब्येतीचे कारण काढले, तर? इथे कायद्याचे ज्ञान संपते आणि दुसरे काहीतरी सुरू होते. त्याला कोणी निर्णयक्षमता म्हणते, कोणी नेतृत्व, आणि जुने नाझर नुसते ‘अंगात असावे लागते’ म्हणून मोकळे होतात. ते अंगात कसे आणायचे, यावर पाच-सहा बाजू पडल्या आहेत.

करून शिकणे

पहिली बाजू उमेदवारीच्या परंपरेतली. निर्णय घ्यायला निर्णय घेऊनच शिकता येते, बाकी सगळा वेळेचा अपव्यय. कॅनडाचे व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये ‘मॅनेजर्स नॉट एमबीएज’ या पुस्तकात हीच भूमिका जोरकसपणे मांडली. अनुभव नसलेल्या तरुणाला वर्गात बसवून व्यवस्थापक घडवता येत नाही. ज्याच्या पदरी अनुभव आहे त्याला मात्र त्या अनुभवावर विचार करायला शिकवता येते. सँडविच पद्धतीचा गाभा वेगळा नाही.

या बाजूचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूरचे जिल्हाधिकारी तेव्हा प्रवीण परदेशी होते, सेवेत येऊन आठेक वर्षे झालेले. भूकंपप्रवण म्हणून न गणल्या गेलेल्या जिल्ह्यात त्या कामाचे तयार प्रशिक्षण कोणालाच नव्हते. मदत, प्रेतांची विल्हेवाट, निवारे, मग गावांचे स्थलांतर आणि पुनर्वसन, हे सगळे करता करता शिकले गेले, आणि त्या अनुभवातून राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची घडी बसत गेली. तेच परदेशी पुढे केंद्राच्या क्षमताबांधणी आयोगाचे सदस्य झाले.

पण या बाजूची उणीवही जिल्ह्यातच दिसते. सगळे काही शिकवणारा कोण भेटतो यावर ठरते. एखादा जिल्हाधिकारी प्रशिक्षणार्थ्याला सुनावणीला शेजारी बसवतो, नस्ती त्याच्याकडून लिहून घेतो, स्वतःच्या शेऱ्याशी ताडून दाखवतो. दुसऱ्याला वेळ नसतो, आणि वर्षभर प्रशिक्षणार्थी उद्घाटने, बैठका आणि शिष्टाचाराच्या गाड्या यांत फिरतो. शिकवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याला ‘शिकवायचे कसे’ हे कोणी शिकवलेले नसते. आणि केलेल्या चुकीची किंमत प्रशिक्षणार्थ्याला मोजावी लागत नाही, ती अर्जदार मोजतो.

वर्गातले प्रसंग

दुसरी बाजू म्हणते, चुका वर्गात करून घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून आलेली प्रसंगाभ्यासाची, म्हणजे ‘केस’ची पद्धत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने आपल्याकडे रुजवली आणि पुढे प्रशासकीय अकादम्यांनीही ती उचलली. खरा प्रसंग अर्ध्यावर थांबवायचा आणि वर्गाला विचारायचे, तुम्ही काय कराल? याच कुळातला ‘इन-बास्केट’ सराव १९५०च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी तयार झाला. टेबलावर तीस कागद, हातात दोन तास. कुठला आधी, कुठला दुसऱ्याकडे, कुठला कचऱ्यात? तहसीलदाराची सकाळ याहून वेगळी नसते.

विश्लेषण शिकवल्याने निर्णय बदलतात का, याचा एक लक्षणीय प्रयोग पाकिस्तानातल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांवर झाला. त्यातल्या काहींना कार्यकारणभाव तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत शिकवली, काहींना नाही. शिकलेल्या गटाने पुराव्याला जास्त वजन दिले आणि धोरण निवडताना पुरावा असलेला पर्याय जास्त उचलला. आपल्याशी इतकी मिळतीजुळती नोकरशाही दुसरी नसल्याने हा निष्कर्ष आपल्याही उपयोगाचा आहे.

आक्षेप असा की वर्गातल्या प्रसंगात कागद पूर्ण असतात आणि बाजू ठरलेल्या असतात. शिवाय ‘बरे’ उत्तर कोणते हे हुशार मुलांना लगेच कळते. याचा पुरावा परीक्षेतच आहे. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सी-सॅटमध्ये ‘निर्णयक्षमता’ म्हणून काही प्रश्न असतात, त्यांना उणे गुण नसतात. यूपीएससीने २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आणला, त्यातही प्रसंग सोडवायचे असतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत या प्रसंगांची साचेबंद उत्तरे पाठ होतात : आधी हितसंबंधी कोण ते सांगा, मग तीन पर्याय, मग मधला निवडा. परीक्षेपुरते ते चालते. बांधावर जेसीबी थांबलेला असताना चालत नाही.

रंगीत तालीम

तिसरी बाजू सैन्य, विमानवाहतूक आणि अग्निशमन यांतून आली आहे. १९८०च्या दशकात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांचा अभ्यास केला. हे लोक पर्यायांची तुलना करत असतील असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते तुलना करतच नव्हते. प्रसंग कोणत्या जातीचा हे ओळखायचे, सुचलेला पहिला मार्ग मनातल्या मनात चालवून पाहायचा, पटला की करायचा. म्हणजे शिकवायचे काय, तर प्रसंगांचा साठा. त्यासाठी छोट्या, घड्याळ लावलेल्या सरावांची रीत निघाली.

विमानवाहतुकीने दुसरा धडा दिला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. वैमानिक अनुभवी होता, पण त्याला टोकण्याइतके बळ कनिष्ठ सहकाऱ्याच्या आवाजात नव्हते. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात ‘ऐकून घेणे’ आणि ‘टोकणे’ हे शिकवण्याचे विषय झाले. आपल्या कचेरीत अव्वल कारकुनाला ठाऊक असलेली गोष्ट नव्या साहेबाच्या कानापर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर त्या विमानाच्या कॉकपिटमध्येही सापडते.

आणि तिसरा धडा, प्रसंगानंतरचा फेरविचार. काय ठरले होते, काय घडले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू? अमेरिकी लष्कराने ही चार प्रश्नांची बैठक रूढ केली. २०१३ मध्ये अशा बैठकींवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब निघाला, तेव्हा कामगिरीत सरासरी २० ते २५ टक्के सुधारणा दिसली. कसलाही खर्च नसलेल्या उपायाला हे फळ कमी नाही. आपल्याकडे पूर, यात्रा, निवडणूक संपली की मंडप सोडवले जातात, बिले निघतात आणि सगळे झोपतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे २००५च्या कायद्याने सगळीकडे झाली, मॉक ड्रिलही होतात. पण ड्रिलनंतर छायाचित्रे पाठवण्याची घाई असते, बसून बोलण्याची कमी.

स्वभाव घडवणे

चौथी बाजू थोडक्यात. हिमालयातला ट्रेक, खेड्यात मुक्काम, भारत दर्शन, पहाटेची कवायत, यांमागे असा विश्वास आहे की नेतृत्व हा स्वभावाचा भाग आहे आणि कष्टांनी, लोकांत राहिल्याने स्वभाव घडतो. याचे समर्थक जुने अधिकारी आहेत आणि त्यांच्या आठवणी खऱ्या आहेत. या गोष्टींचा नंतरच्या निर्णयांवर परिणाम होतो का, हे मात्र कोणी नीट तपासलेले माझ्या वाचनात नाही. सोबत चाललेली माणसे आयुष्यभर एकमेकांना धरून राहतात, हे नक्की. कधी कधी नको तितकी.

सहीची भीती

पाचवी बाजू प्रशिक्षणाच्या चौकटीबाहेर उभी आहे आणि तिचे म्हणणे अवघड आहे. निर्णय न घेणे ही तरुण अधिकाऱ्याची उणीव नसून शहाणपण आहे, असे ती म्हणते. घेतलेल्या निर्णयाची चौकशी होते, न घेतलेल्याची होत नाही.

याला आधार आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या जुन्या तरतुदीनुसार, सार्वजनिक हित नसताना आपल्या निर्णयामुळे दुसऱ्याला आर्थिक लाभ झाला तर, स्वतः पैसा न खाल्लेला अधिकारीही गुन्हेगार ठरू शकत होता. २०१८च्या दुरुस्तीने ती तरतूद गेली आणि कर्तव्यातल्या निर्णयांच्या चौकशीसाठी पूर्वपरवानगी लागू लागली. भीती गेली का? दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, या कवचामुळे खरे चोरही सुटणार नाहीत का? दोन्ही प्रश्न उघडे आहेत.

तोंडी आदेशांचे तसेच. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर चालू नये, आदेश लेखी नोंदवावेत आणि पदावर किमान मुदत असावी. वर्गात हा निकाल शिकवला जातो. रात्री अकराला आलेल्या फोनवर ‘साहेब, लेखी द्या’ असे म्हणण्याचा सराव मात्र सहसा करून घेतला जात नाही. हे धैर्याचे काम समजले जाते, पण मला ते बरेचसे वाक्यरचनेचेही वाटते. अपमान न करता नकार देणारी पाच-सहा वाक्ये असतात, मुरलेल्या अधिकाऱ्यांना ती येतात, आणि ती शिकवता येण्यासारखी आहेत.

महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा अधिनियम आहे. त्यानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, आणि नस्ती एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम त्याच दिशेचा. विलंबाला कायद्याने वेसण घातली, की ‘चर्चा करावी’, ‘पुनश्च सादर करावे’, ‘मार्गदर्शन मागवावे’ या शेऱ्यांना बहर येतो. नस्ती हलत राहते, निर्णय होत नाही. म्हणून या बाजूचे लोक म्हणतात, आधी व्यवस्था सुधारा, मग शिबिरे घ्या. उलट बाजूचे म्हणतात, त्याच व्यवस्थेत, त्याच कायद्याखाली, शेजारच्या तालुक्यात दुसरा तहसीलदार रस्ते मोकळे करतोच आहे. दोघांचेही खरे आहे, आणि या वादात इथे मला निकाल देता येत नाही.

भूमिका आणि क्षमता

सध्या सरकारी धोरणाचा भर सहाव्या वाटेवर आहे. १९९६च्या आणि नंतर २०१२च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने पाया घातला. २०१२च्या धोरणात पगारावरच्या खर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणाला द्यावी असे म्हटले होते. सप्टेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले आणि २०२१ मध्ये क्षमताबांधणी आयोग आला. विचार असा : प्रत्येक पदाच्या भूमिका लिहायच्या, त्या भूमिकेला लागणाऱ्या क्षमता ठरवायच्या आणि त्या शिकण्याचे धडे ‘आयगॉट’ या मंचावर मोबाइलवर द्यायचे. नियमाकडून भूमिकेकडे, ही त्याची घोषणा.

याचा मोठा गुण म्हणजे हा मंच वरच्या सेवांपुरता नाही, लिपिकालाही खुला आहे. शंका आहे ती माध्यमाबद्दल. २०१७ मध्ये नेतृत्व प्रशिक्षणावरच्या ३३५ नमुन्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण उपयोगी पडते, लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त पडते, असा त्याचा निष्कर्ष. पण जास्त फळ कुठे? गरज आधी तपासलेली असावी, प्रत्यक्ष भेटीत शिकवलेले असावे, सराव आणि त्यावर अभिप्राय असावा, सत्रे एकदम न उरकता अंतराने घेतलेली असावीत. एकट्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळवणे या यादीच्या दुसऱ्या टोकाला बसते. मंचाची बाजू घेणारे म्हणतात, लाखो कर्मचाऱ्यांपर्यंत पोचायचे तर दुसरा मार्ग कोणता? तेही नाकारता येत नाही.

राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेला आणि खंडानंतर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागाने पुन्हा आलेला मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम हा याच प्रदेशातला वेगळा प्रयोग. तरुण निर्णयाच्या खोलीत बसतात, पण त्यांच्याकडे सही नसते. पाहून किती शिकता येते, याचे उत्तर त्यातून मिळू शकेल.

राहून गेलेली पायरी

या सगळ्या चर्चेत एक माणूस दिसत नाही. २०२३ मध्ये राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ पदांची भरती झाली, अर्ज दहा लाखांवर आले. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गारपिटीनंतर कोणाच्या शेतात नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर लिहायचे आणि कोणाच्या खाली, हा निर्णय पंचनाम्याच्या कागदावर तोच घेतो, आणि त्या रेषेवर मदत मिळते किंवा जाते. त्याच्या वाट्याला दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा येतात, म्हणजे पुन्हा कलमे. नेतृत्व हा शब्द मसुरीपासून खाली येता येता तहसीलपाशी थांबतो. कोतवालासह गावात फिरणाऱ्या त्या मुलाला सात-बारा वाचायला शिकवले जाते. पंचनामा चालू असताना गावाच्या सरपंचाला ‘नाही’ कसे म्हणायचे, ते शिकवले जात नाही.

निकाल कळतो कोणाला?

सगळ्या बाजूंच्या तळाशी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो सर्वांत कमी विचारला गेला आहे. २००९ मध्ये क्लाइन आणि डॅनिएल कानेमान या दोन विरुद्ध मतांच्या अभ्यासकांनी मिळून एक लेख लिहिला. क्लाइनचा अनुभवी माणसाच्या अंतर्ज्ञानावर विश्वास, कानेमानचा अविश्वास. कानेमान तरुणपणी इस्रायलच्या सैन्यात होते, अधिकारी निवडताना आपले अंदाज किती चुकतात आणि तरी आपल्याला ते किती खात्रीचे वाटतात, हे त्यांनी तिथेच पाहिले होते. दोघांचे एकमत झाले ते दोन अटींवर. अनुभवाने शहाणपण येते, पण परिस्थितीत काही नियमितपणा असेल तर, आणि आपल्या निर्णयाचे फळ आपल्याला वेळेत कळत असेल तर.

अग्निशमन प्रमुखाला ते काही मिनिटांत कळते. डॉक्टरला काही दिवसांत. महसूल अधिकाऱ्याला? देशातल्या सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका पदावरचा सरासरी काळ सोळा महिन्यांच्या आसपास निघाला. धरणाचे पुनर्वसन, झोपडपट्टीचे स्थलांतर, रस्त्याचा वाद, यांतले काहीही सोळा महिन्यांत संपत नाही. वीस वर्षे नोकरी केलेला अधिकारी वीस वर्षांचा अनुभव सांगतो, तेव्हा त्यातल्या किती निर्णयांचा शेवट त्याने पाहिला, हे विचारायला हवे. करून शिकणे, प्रसंगाभ्यास, तालीम, भूमिका, या सगळ्या वाटा फळ कळेल असे धरून चालतात.

हे दुरुस्त करायला नवी अकादमी लागणार नाही. यशदाने, किंवा एखाद्या विभागीय आयुक्तालयाने, एका तुकडीपुरता तरी प्रयोग करून पाहावा. प्रत्येक परिविक्षाधीन अधिकाऱ्याचे पहिल्या वर्षातले दहा आदेश निवडावेत, त्यांचे पुढे काय झाले ते शोधावे आणि दोन वर्षांनी, तो असेल त्या तालुक्यात, पत्राने कळवावे. त्यावर एक दुपार त्याच्या तुकडीने एकत्र बसावे.

सध्या काय होते ते असे. तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध प्रांताकडे अपील करायला जमीन महसूल अधिनियमाने ६० दिवस दिले आहेत. अपील लागते, तारखा पडतात, निकाल होतो, आणि निकालाची प्रत मूळ नस्तीसह तहसील कार्यालयात परत येते. आवक नोंदवहीत तिचा क्रमांक पडतो आणि ती अभिलेख कक्षात जाते. ज्याने आदेश लिहिला होता तो तोवर बहुधा दुसऱ्या तालुक्यात रुजू झालेला असतो, आणि त्याला कळवण्याची तरतूद त्या नोंदवहीच्या रकान्यांत नाही.